शहापूरच्या कपाटातलं इटालियन पिस्तूल आणि चार सरकारांचे शिक्के



खंडेनवमीला शस्त्रं पुजायची रीत आपल्यापैकी बऱ्याच घरांत अजून आहे. कुणाकडे तलवार, कुणाकडे ठासणीची बंदूक, कुणाकडे नुसता विळा-कोयता. आमच्या शहापूरच्या घरी (बेळगावचं शहापूर) कोयत्याशेजारी एक काळं पिस्तूलही असायचं. वीतभरापेक्षा लहान, वजनाला पाऊण किलोच्या आत. ते आजोबांचं, म्हणजे आबांचं. या वस्तूचा इतिहास लिहून ठेवावा असं बरेच दिवस मनात होतं. यंदा परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली आणि 'आता याचं काय करायचं?' हा प्रश्न घरात उभा राहिला, म्हणून लिहायला बसले. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी पिस्तुलाबद्दल. ते बेरेटा कंपनीचं, मॉडेल १९३५. उत्तर इटलीत ब्रेशिया शहराच्या वरच्या अंगाला वाल त्रोम्पिया नावाचं खोरं आहे. तिथल्या गार्दोने गावात हे घराणं १५२६ पासून बंदुकीच्या नळ्या बनवतंय. आपल्याकडे बाबर पानिपतला लढला तेच हे साल. पहिल्या महायुद्धात त्यांनी पिस्तुलं करायला घेतली, आणि १९३४ मध्ये इटलीच्या लष्करासाठी एक आटोपशीर पिस्तूल तयार झालं. ते ९ मिमीच्या आखूड काडतुसाचं. त्याचाच ७.६५ मिमीचा भाऊ म्हणजे मॉडेल १९३५. तो मुख्यतः इटलीच्या हवाई दलाला आणि आरमाराला दिला गेला. हे ७.६५ मिमी म्हणजेच आपल्याकडे ज्याला .३२ बोअर म्हणतात ते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आमच्या पिस्तुलाच्या स्लाइडवर कंपनीचं नाव, 'गार्दोने व्ही. टी.' आणि त्यापुढे '१९४२ - XX' असं कोरलेलं आहे. लहानपणी आम्हा भावंडांना वाटायचं की ही कसली तरी फुली-फुली खूण आहे. ते रोमन आकड्यातलं वीस आहे, हे फार पुढे कळलं. मुसोलिनीच्या राजवटीने स्वतःची वर्षगणना सुरू केली होती. १९२२ च्या ऑक्टोबरअखेरीस तो सत्तेवर आला, तिथून वर्ष पहिलं. त्या हिशेबाने १९४२ हे विसावं. शेजारी गरुड आणि 'आर. ए.' ही अक्षरं आहेत, ती इटलीच्या शाही हवाई दलाची. पुढच्याच वर्षी मुसोलिनी पडला, सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, आणि जर्मनांनी गार्दोनेचा कारखाना ताब्यात घेऊन तीच पिस्तुलं स्वतःसाठी करून घेतली. इटलीत लढणाऱ्या जर्मनांच्या कमरेलाही मग बेरेटा दिसू लागल्या.

आता हे शहापुरात कसं आलं? बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. १९२२ पासून पलटणीचं केंद्र इथल्या कॅम्पात आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी आधी आफ्रिकेत इरिट्रियाच्या केरेनला इटालियनांशी लढल्या आणि मग खुद्द इटलीत उतरल्या. तिथे दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पडलेले नाईक यशवंत घाडगे यांना एक, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर जखमी साथीदारांना पाठीवरून आणणारे शिपाई नामदेव जाधव यांना दुसरा. आमचे आबा त्याच मोहिमेत होते. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला मुलगा, शिपाई म्हणून भरती होऊन पुढे सुभेदार झालेला.

२ मे १९४५ ला इटलीतल्या जर्मन फौजांनी शस्त्रं खाली ठेवली. शरण आलेल्यांच्या हत्यारांचे ढीग लागले. त्यातलं हे एक. आबांनी ते खिशात घालून आणलं नाही. त्यांच्या इंग्रज साहेबाने नंबर टाकून एक चिठ्ठी लिहून दिली होती, ती आबांनी शेवटपर्यंत जपली. 'ढिगातून उचललं तर लूट, चिठ्ठीवर आणलं तर सामान,' असं ते म्हणायचे. कुणाशी लढून, कुणाला मारून हिसकावलेलं आहे काय, असं विचारलं की म्हणायचे, 'न्हाय गा. ढिगातलं हाय. ज्याचं होतं तो बिचारा हात वर करून उभा होता.'

पण मंडळी, पिस्तुलापेक्षा मला त्याच्या कागदांचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो.

१९४६ मध्ये आबा रजेवर घरी आले तेव्हा बेळगाव इंग्रजी मुलखात होतं आणि शहापूर सांगली संस्थानात! आज कपिलेश्वराच्या अलीकडे-पलीकडे एकच गाव वाटतं, पण तेव्हा मध्ये राज्याची हद्द होती. त्यामुळे आबांचा पहिला कागद सांगली संस्थानचा, मराठीतला. कॅम्पात पिस्तूल घेऊन जायचं तर पलीकडच्या हद्दीची परवानगी वेगळी. इंग्रजी हद्दीत १८७८ चा शस्त्र कायदा, संस्थानात संस्थानचा अंमल.

मार्च १९४८ मध्ये सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि दुसरा शिक्का बसला तो मुंबईचा, बेळगाव कलेक्टरचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तिसरा शिक्का म्हैसूरचा. तिकडच्या रिवाजाप्रमाणे कलेक्टरचा डेप्युटी कमिशनर झाला. तेव्हापासून बेळगावकर 'कलेक्टर कचेरी' सोडून 'डीसी ऑफिस' म्हणायला लागले, ते आजतागायत. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, चौथा शिक्का. २०१४ मध्ये 'बेळगाव'चं 'बेळगावी' झालं, तोही बदल कागदावर आहे.

घर तेच, कपाट तेच, पिस्तूल तेच. तीस वर्षांच्या आत चार सरकारं. १९५६ नंतर सीमाप्रश्नावर आपल्या लोकांनी सत्याग्रह केले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सगळं आपण भाषणांतून ऐकतो. आमच्या घरी ते एका परवान्याच्या पानांवर बघायला मिळतं. आबा आणि त्यांच्यामागे बाबा, दोघंही मराठी अस्मितेचे कडवे. पण नूतनीकरणाची तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. शिक्का कुणाचा आहे यावर घरात वाद झाले, शिक्का मारून घ्यायचा की नाही यावर कधीच झाले नाहीत.

आता एक अवघड गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बेरेटाचा इतिहास पुरा होत नाही, आणि ग्वाल्हेरच्या मंडळींना ती ठाऊकच आहे. ३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसेने गांधीजींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या ते याच कारखान्याचं, मॉडेल १९३४, क्रमांक ६०६८२४. ते ग्वाल्हेरहून मिळवलं होतं, हे खटल्यात पुढे आलं. युद्धातून परतलेली अशी छोटी हत्यारं तेव्हा देशभर हातोहात फिरत होती, काही कागदावर, बरीचशी कागदाशिवाय. त्या बातमीनंतर कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत घरं जळाली. बेळगावातही लोक दारं लावून बसले.

आबांच्या घरात त्याच नावाचं पिस्तूल. आजी म्हणाली, 'विहिरीत टाका.' आबांनी पिस्तूल, साहेबाची चिठ्ठी आणि संस्थानचा परवाना असं तिन्ही फडक्यात बांधलं आणि सरळ ठाण्यात गेले. फौजदाराने नंबर ताडून बघितला, नोंदवहीत लिहिलं, परत दिलं. विहिरीत टाकलं असतं तर उद्या कुणी विचारल्यावर 'टाकलं' एवढंच सांगता आलं असतं, आणि त्यावर कोण विश्वास ठेवणार? नंबराचं हत्यार हरवणं हे ते असण्यापेक्षा धोक्याचं असतं. हे मी आबांकडून शिकले.

बऱ्याच जणांना प्रश्न पडेल की लष्करी पिस्तूल सामान्य माणसाकडे राहिलंच कसं. त्याचं उत्तर त्या .३२ मध्ये आहे. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत लष्कराची काडतुसं ज्यात बसतात अशी हत्यारं 'प्रतिबंधित बोअर' ठरवली गेली. .३०३ च्या रायफली, .४५५ चं मोठं रिव्हॉल्व्हर, लष्करी ९ मिमीची पिस्तुलं ही त्यात आली. हेतू सरळ होता, की फौजेच्या कोठारातून गोळी चोरीला गेली तरी बाहेर ती कुणाच्या बंदुकीत बसू नये. .३२ आपल्या फौजेचं काडतूस नव्हतं, म्हणून ते या यादीबाहेर राहिलं. आबांच्या ओळखीतल्या ज्यांनी मोठ्या बोअरची हत्यारं आणली होती त्यांच्यावर ती जमा करायची वेळ आली. आमचं इटालियन हवाई दलाचं, म्हणून वाचलं. आपल्या घराघरांतली जुनी वेब्ली, कोल्ट, ब्राउनिंग ही पिस्तुलं बहुतेक .३२ ची का असतात, त्याचंही कारण हेच.

काडतुसं आधी विलायती मिळायची, किनॉकची. पुढे खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीची, बुडावर 'के. एफ.' अशी अक्षरं असलेली. एका वेळी किती बाळगायची, वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि दुकानदार प्रत्येक खरेदी त्यावर चढवतो. आणखी एक घोळ असा की .३२ पिस्तुलाचं काडतूस वेगळं आणि .३२ रिव्हॉल्व्हरचं वेगळं. नाव सारखं, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

चालवायचं कसं हे मी बाबांच्या हाती बघितलंय. १९६० च्या दशकात आबा परवानगी काढून वर्षातून एकदा फायरिंग रेंजवर जायचे, बाबांना बरोबर घ्यायचे, आणि हट्ट केला की मलाही. मी मागे, कानात कापूस घालून. आबांची दहा काडतुसं, बाबांची दहा, संपला विषय. आवाज बंदुकीपेक्षा लहान पण तिखट. हातात झटका फारसा नाही, कारण पिस्तूल लोखंडाचं आणि काडतूस लहान. नेम मात्र सोपा नव्हता. समोरची माशी राईएवढी, चाप जड. पंचवीस पावलांवरच्या पाटीवर बाबांच्या दहातल्या पाच-सहा लागायच्या. सिनेमात बघून ज्यांना पिस्तूल म्हणजे गंमत वाटते त्यांनी एकदा रेंजवर जाऊन स्वतःचे आकडे मोजावेत.

या पिस्तुलाच्या दोन खोडी आबा दरवेळी सांगायचे. एक म्हणजे त्याचा खटका. तो अर्धा फेरा फिरवला की चाप अडतो, पण मागचा घोडा अडत नाही. म्हणजे 'सेफ' केलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. दुसरी म्हणजे शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे थांबते, पण तिला थांबवतं ते रिकामं मॅगझिन. मॅगझिन ओढून काढलं की स्लाइड खाडकन् पुढे येते. नवख्याचं बोट तिथे असलं तर चेमटतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी फक्त याचीच नाही: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. एक गोळी नळीच्या तोंडाशी चेंबरमध्ये राहू शकते. आबा मॅगझिन काढायचे, स्लाइड मागे ओढायचे, आत डोळ्यांनी बघायचे, करंगळीने चाचपायचे, मग बाबांना बघायला लावायचे. 'दोघांनी बघितलं तरच रिकामं.' खंडेनवमीला पाटावर ठेवतानाही हा विधी आधी, कुंकू नंतर.

आता जे लिहिते आहे ते घरातल्यांना विचारून लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकात माझ्या धाकट्या काकांची नोकरी गेली. हुशार, हसरा माणूस, पण वर्षभरात पार मिटून गेला. जेवायचा नाही, रात्ररात्र अंगणात फिरायचा. तेव्हा आपल्याकडे 'डिप्रेशन' हा शब्द घरात वापरत नसत, 'मनाला लावून घेतलंय' म्हणायचे. एका रात्री आजीने आबांना बाजूला घेतलं आणि एवढंच म्हणाली, 'ते घरात नको.' आबांनी 'कुलपात आहे', 'गोळ्या वेगळ्या आहेत', असं काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते परवानाधारक विक्रेत्याच्या पायरीवर जाऊन बसले. पिस्तूल आणि काडतुसं जमा केली, पावती घेतली. काकांना काही सांगितलं नाही. त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे नेलं, औषधं चालू झाली. पिस्तूल दीड वर्ष दुकानात राहिलं.

काका बरे झाले. पुढे त्यांनी नातवंडं बघितली. एकदा, आबा गेल्यावर, ते मला म्हणाले, 'मला ठाऊक होतं गं. मी कपाट बघितलं होतं. नव्हतं ते.' यापुढे आम्ही दोघंही काही बोललो नाही.

म्हणून मला वाटतं, आबांनी हे पिस्तूल चाळीस वर्षं सांभाळलं त्यातलं सगळ्यात मोठं सांभाळणं ते घरात नव्हतं त्या दीड वर्षातलं. ज्यांच्या घरी परवान्याचं हत्यार आहे त्यांना हात जोडून सांगते. घरात कुणी खचलेलं असेल, दारूच्या नादी लागलेलं असेल, भांडणं विकोपाला गेली असतील, तर कुलपावर भरवसा ठेवू नका. विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करता येतं, पावती मिळते, मालकी कुठे जात नाही. निवडणुकीच्या वेळी सांगितलं की आपण निमूट जमा करतोच ना? मग घरच्या माणसासाठी का नको?

आबांच्या मागे परवाना बाबांकडे आला, बाबांच्या मागे माझ्या थोरल्या भावाकडे. दादा आता चौऱ्याहत्तरचे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, आणि ती आता संपत आली आहे. पुन्हा नूतनीकरण केलं तर पुढच्या वेळी ते ऐंशीच्या घरात. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं, की त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. वारसाला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, पोलिसांची चौकशी होते.

घरात दोन मतं आहेत. पुतण्या पुण्यात असतो. तो म्हणतो, 'आत्या, आबांची आठवण आहे, मी घेतो नावावर.' त्याच्या घरात दोन लहान मुलं आहेत, आणि तो महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. विक्रेते किंमतही चांगली सांगतात, कारण १९८० च्या दशकात सामान्यांसाठी आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती मालाला भाव आहे. दादांचं आणि माझं मत एक आहे: कायद्याने जमा करावं. ज्याला रोज घरी राहून, दोघांनी बघून, वेळेवर सही करून सांभाळायचं आहे त्याने ते घ्यावं. नुसत्या आठवणीसाठी घेऊ नये. सोनं किंवा जमीन वारसाला आपोआप पोचते, तसं हे नाही. प्रत्येक पिढीने ते नव्याने मागायचं असतं, आणि मागायचं की नाही हे नव्याने ठरवायचं असतं. पुतण्याला दिवाळीपर्यंत विचार करायला सांगितलंय. त्याने ठरवलं तर प्रशिक्षणाला त्याच्याबरोबर मीही जाऊन बसेन, नाही ठरवलं तर दादांबरोबर ठाण्यात जाईन.

दोन्हीपैकी काहीही झालं तरी एक काम आम्ही करून ठेवलंय. साहेबाच्या चिठ्ठीपासून आजपर्यंतच्या सगळ्या कागदांचे आणि पिस्तुलावरच्या प्रत्येक अक्षराचे फोटो काढले, आणि त्याखाली कोणतं पान कोणत्या सरकारचं ते लिहिलं. पिस्तूल गेलं तरी हे राहील.

तुमच्या घरी असं काही असेल तर तीन गोष्टी सांगते. परवानाधारक वारला की हत्यार कपाटात तसंच ठेवून गप्प बसू नका, लगेच ठाण्याला कळवा आणि जमा करून पावती घ्या. वारसाचा विचार नंतर निवांत करता येतो. परवान्याला ऑनलाइन नोंदणीचा युनिक क्रमांक आहे का ते बघा, तो नसेल तर डीसी किंवा कलेक्टर ऑफिसात आधी चौकशी करा. आणि जुने कागद रद्दीत घालू नका. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, सगळीकडे आपल्या लोकांचे परवाने आधी संस्थानी होते, मग सरकारी झाले. गोव्याकडच्या मंडळींकडे पोर्तुगीज अमदानीतले कागद असतील. त्या पानांवर आपल्या गावाचा इतिहास आहे. कुणाकडे असतील तर खाली जरूर लिहा. हत्यारांचे फोटो आणि नंबर टाकू नका, गोष्ट तेवढी सांगा.